ट्रेडीगरची वर्गणी

कार्डिफच्या क्वीन स्ट्रीटवर, किल्ल्याच्या बाजूच्या टोकाला, एका माणसाचा पुतळा आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याच्या पायथ्याशी उभं राहून कुणाची तरी वाट पाहिली असेल. मुलं कॉलेजात असताना 'नाय बेव्हनपाशी भेटू' असा निरोप आमच्याकडे कितीदा तरी आला आहे. पण हा नाय बेव्हन कोण, असं त्यांना विचारलं तर 'एनएचएसवाला' एवढंच उत्तर मिळे. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे.

माझ्यासाठी या माणसाची गोष्ट 1979 साली सुरू झाली. मोठ्या मुलीच्या वेळी सासूबाई बाळंतपणासाठी साताऱ्याहून आल्या होत्या. इस्पितळातून घरी निघायच्या दिवशी त्यांनी पर्समधून पौंडांची घडी काढली आणि मला हळूच विचारलं, "अगं, बिल कुठे भरायचं?" मी म्हटलं, बिल नसतं इथे. त्यांना पटेना. शेवटी नर्सनं हसून हात हलवला तेव्हा त्यांनी पैसे परत ठेवले, पण गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "फुकट आहे म्हणतेस, मग चांगलं कसं असेल?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते मिळालं पुढे, ट्रेडीगर नावाच्या गावाची हकीकत समजल्यावर.

उदास घर

ट्रेडीगर कार्डिफच्या उत्तरेला, डोंगरांच्या खोबणीत, सरहाउई नदीच्या खोऱ्यात आहे. लोखंड आणि कोळसा यांच्यावर वसलेलं गाव. 15 नोव्हेंबर 1897 रोजी तिथल्या चार्ल्स स्ट्रीटवर एका खाणकामगाराच्या घरात अनायरिन बेव्हनचा जन्म झाला. वडील डेव्हिड खाणीत, आई फीबी शिवणकाम जाणणारी. दहा भावंडं झाली, त्यातली काही लहानपणीच गेली. वडिलांना वाचनाचा आणि संगीताचा नाद होता. घर गरीब होतं, पण बेशिस्त नव्हतं. हिशेब आईच्या हातात असे.

अनायरिनला शाळा आवडली नाही. तो बोलताना अडखळे, त्यामुळे मास्तरांची आणि त्याची कधी जमली नाही. वयाच्या 13 व्या वर्षी त्यानं शाळा सोडली आणि टी-ट्रिस्ट नावाच्या खाणीत उतरला. वेल्श भाषेत या नावाचा शब्दशः अर्थ होतो 'उदास घर'.

खाणीतलं काम आपण चित्रात पाहतो, पण अंगावर घेतलेलं नसतं. पहाटे पिंजऱ्यातून शेकडो फूट खाली जायचं, तिथून वाकून, कधी रांगत कोळशाच्या थरापर्यंत पोहोचायचं, आणि दिवा अंधुक असताना तो थर फोडायचा. मजुरी काढलेल्या कोळशावर. दरड कोसळली तर ती जिवावर. धूळ मात्र रोजचीच. अशा उजेडात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची बुबुळं सतत थरथरू लागत. त्या आजाराला निस्टॅग्मस म्हणतात आणि बेव्हनलाही तो जडला.

संध्याकाळी मात्र हा मुलगा दुसऱ्याच खाणीत उतरायचा. ट्रेडीगरच्या कामगारांनी आपल्या पैशातून एक वाचनालय उभं केलं होतं. तिथली पुस्तकं त्यानं अक्षरशः फस्त केली. अडखळणाऱ्या माणसाची एक युक्ती असते: ज्या शब्दावर जीभ अडते तो सोडून दुसरा शब्द पकडायचा. त्यासाठी शब्द भरपूर लागतात. पुढे ब्रिटिश पार्लमेंटमधला पहिल्या प्रतीचा वक्ता म्हणून ज्याचं नाव झालं, त्याची शब्दसंपत्ती अशी गरजेपोटी जमली होती. मित्रांबरोबर डोंगरावर जाऊन तो मोठ्यानं भाषणांचा सराव करी.

19 व्या वर्षी तो खाणकामगार संघटनेच्या आपल्या शाखेचा प्रमुख झाला. 1919 मध्ये संघटनेच्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात गेला, दोन वर्षं शिकला आणि परत आला तर खाणीत काम नाही. भांडणारा माणूस मालकांना कशाला हवा असतो? पुढची तीन वर्षं बहुतेक बेकारीतच गेली. तरणाताठा माणूस बहिणीच्या कमाईवर जगतो, ही बोच त्यानं तेव्हा सोसली. 1925 मध्ये वडील गेले, मुलाच्या कुशीत. फुप्फुसांत कोळशाची धूळ साठून ती निकामी झाली होती. खाणीतल्या धुळीनं होणारा हा आजार तेव्हा भरपाईच्या कायद्यात धरलेला नव्हता, म्हणून घरच्यांना एक पैसाही मिळाला नाही.

यानंतरचा बेव्हन समजून घ्यायचा तर हे मरण लक्षात ठेवावं लागतं.

गावाची वर्गणी

आता माझ्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते.

त्या काळी ब्रिटनमध्ये आजारी पडणं महाग होतं. 1911 साली लॉइड जॉर्ज या दुसऱ्या वेल्श माणसानं कामगारांसाठी विम्याचा कायदा आणला होता, पण त्यातून डॉक्टर मिळे तो कामगाराला. त्याच्या बायकोला नाही, मुलांना नाही. घरातली बाई दुखणं अंगावर काढी. डॉक्टरला बोलवायचं तर फी आधी डोळ्यांसमोर उभी राही. हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनीही तेच केलं.

ट्रेडीगरच्या कामगारांनी यावर स्वतःच तोड काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मेडिकल एड सोसायटी उभी राहिली. प्रत्येक कामगाराच्या मजुरीतून पौंडामागे काही पेन्स कापून सोसायटीत जमा होत. खाणीत नसलेले गावकरीही वर्गणी भरून सभासद होऊ शकत. या पैशातून सोसायटीनं डॉक्टर पगारावर ठेवले, दातांचे डॉक्टर ठेवले, चष्म्यांची सोय केली. 1904 मध्ये कामगारांच्याच पैशांवर गावात इस्पितळ झालं. आणि औषधपाणी केवळ कमावत्या माणसाला नव्हे, सगळ्या कुटुंबाला मिळे. कारभार कामगारांच्या समितीकडे होता. बेव्हनही इस्पितळाच्या समितीवर होता. 1940 च्या दशकात गावाची वस्ती साधारण 24,000 होती आणि त्यातले बहुतेक सगळे सोसायटीत होते.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी आपण भरत आलो आहोत. ज्याची जशी ऐपत तशी वर्गणी, पण प्रसाद सगळ्यांना सारखा. कुणी जास्त दिले म्हणून त्याला दोन मोदक मिळत नाहीत. ट्रेडीगरनं हीच रीत आजारपणाला लावली.

आपल्या पिढीच्या लोकांना इथे एक गंमत सांगते. 1920 च्या दशकात या सोसायटीकडे ए. जे. क्रोनिन नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर नोकरीला होता. पुढे तो कादंबरीकार झाला आणि 1937 मध्ये त्याची 'द सिटाडेल' आली. खाणीच्या गावात आलेल्या तरुण डॉक्टरची ती कथा. याच कादंबरीवरून 1971 मध्ये विजय आनंदनं देव आनंद आणि मुमताजला घेऊन 'तेरे मेरे सपने' काढला. तो सिनेमा आम्ही मैत्रिणींनी साताऱ्यात पाहिला होता. त्यातलं खाणीचं गाव मुळात आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचं आहे, हे मला इथे वीस वर्षं काढल्यावर कळलं.

खासदार ते मंत्री

1922 मध्ये बेव्हन ट्रेडीगरच्या नगर परिषदेवर निवडून आला. 1926 च्या मे महिन्यात देशभर सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मिटला, पण खाणकामगार आणखी सहा-सात महिने टाळेबंदीत उपाशी राहिले आणि अखेर कमी मजुरीवर, जास्त तासांवर परत गेले. त्या काळात गावातल्या लोकांच्या पोटाची व्यवस्था लावण्यात बेव्हन पुढे होता. 1929 मध्ये मजूर पक्षातर्फे तो एबू व्हेल मतदारसंघातून पार्लमेंटमध्ये गेला आणि मरेपर्यंत, म्हणजे 31 वर्षं, तिथला खासदार राहिला. 1934 मध्ये त्यानं जेनी ली हिच्याशी लग्न केलं. तीही खाणकामगाराची मुलगी, स्कॉटलंडची, आणि स्वतः खासदार राहिलेली. पुढे ओपन युनिव्हर्सिटी उभी राहिली ती जेनी ली मंत्री असताना, तिच्या हट्टामुळे. आपल्यातल्या कितीजणींनी मुलं लहान असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या विद्यापीठाची पदवी मिळवली, ते मोजायला हवं.

तो सरळ माणूस नव्हता, म्हणजे कुणाच्या रांगेत सरळ उभा राहणारा नव्हता. 1939 मध्ये पक्षानं त्याला काही महिने काढून टाकलं होतं. त्याच वेळी काढलेला त्याचा साथीदार म्हणजे स्टॅफर्ड क्रिप्स. तोच क्रिप्स 1942 मध्ये शिष्टाई घेऊन दिल्लीला आला. युद्धाच्या ऐन भरात, चर्चिलवर टीका करणं म्हणजे देशद्रोह मानला जाई तेव्हाही, बेव्हन सभागृहात उभा राहून चर्चिलला धारेवर धरी.

1945 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं आणि ॲटलींनी या 47 वर्षांच्या बंडखोराला आरोग्यमंत्री केलं. मंत्रिमंडळात तो वयानं सगळ्यांत लहान. याआधी त्यानं कधी मंत्रिपद सांभाळलं नव्हतं.

पुढची तीन वर्षं म्हणजे एक लढाईच होती. पहिली लढाई घरातली. इस्पितळं कुणाची? काही धर्मादाय होती, काही नगरपालिकांची. हर्बर्ट मॉरिसनसारखे ज्येष्ठ मंत्री म्हणत होते, नगरपालिकांची त्यांच्याकडेच राहू द्या. बेव्हन म्हणाला, मग श्रीमंत शहराला चांगलं इस्पितळ आणि गरीब खोऱ्याला वाईट, हे तसंच चालू राहील. सगळी एका छत्राखाली हवीत. त्याचं म्हणणं मान्य झालं. 6 नोव्हेंबर 1946 रोजी कायदा मंजूर झाला.

योगायोग असा, की त्याच 1946 साली भारतात भोर समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हेच त्यांच्याही अहवालाचं सूत्र होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना तिथूनच आली. एकच विचार एकाच वेळी दोन देशांत कागदावर उतरला. इकडे तो दोन वर्षांत अमलात आला. तिकडे तो अजूनही अर्धा कागदावरच आहे, आणि आपल्या प्रत्येकाच्या नात्यात इस्पितळाच्या बिलापायी सोनं मोडलेलं किंवा जमीन विकलेली एक तरी गोष्ट आहे.

दुसरी लढाई डॉक्टरांशी. आपण सरकारी नोकर होऊ, ही त्यांची भीती होती. फेब्रुवारी 1948 मध्ये त्यांच्या संघटनेनं मत घेतलं, तेव्हा दहातल्या जवळजवळ नऊ डॉक्टरांनी विरोधात मत दिलं. योजना सुरू व्हायला तेव्हा पाच महिने उरले होते. बेव्हननं वाटाघाटी केल्या. जीपींना पगारी नोकर करणार नाही, अशी हमी दिली. मोठ्या तज्ज्ञांना एनएचएसमध्ये राहूनही खासगी रुग्ण पाहायची आणि इस्पितळात त्यांच्यासाठी खाटा ठेवायची मुभा दिली. त्यांची तोंडं सोन्यानं भरून बंद केली, अशा अर्थाचं त्याचं एक वाक्य सांगितलं जातं. खासगी आणि सरकारी अशा दोन रांगा आज दिसतात, त्यांचं मूळ या तडजोडीतही आहे. पण ती केली नसती तर 5 जुलै 1948 उजाडलाच नसता.

तो उजाडला. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समधली अडीच हजारांहून जास्त इस्पितळं एका व्यवस्थेत आली. मध्यरात्रीनंतर एका मिनिटानं वेल्समधल्या अमन व्हॅली इस्पितळात एक मुलगी जन्मली आणि तिचं नाव अनायरिनवरून ठेवलं गेलं. चष्मे आणि कवळ्या यांची मागणी इतकी आली की सगळे अंदाज कोलमडले. लोक उधळपट्टी करताहेत, असं टीकाकार म्हणाले. खरं म्हणजे लाखो लोक इतकी वर्षं नीट दिसत नसताना आणि नीट चावता येत नसताना जगत होते, हे त्या मागणीतून उघड झालं.

आपण ट्रेडीगरमध्ये जे करत होतो तेच साऱ्या देशाला लागू केलं, असं बेव्हन सांगत असे. फरक एवढाच की पौंडामागच्या पेन्सांच्या जागी आता सगळ्यांचा कर आला.

चुका आणि राजीनामा

तो देवमाणूस होता, असं मी म्हणणार नाही. एनएचएस सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी मँचेस्टरच्या सभेत त्यानं हुजूर पक्षीयांना किड्यामुंग्यांहून हीन ठरवणारी भाषा वापरली. तरुणपणीची भूक आणि अपमान त्या रागामागे होते. पण ते बोलणं पक्षाला पुढे कितीतरी वर्षं महाग पडलं. घरबांधणीचं खातंही त्याच्याकडेच होतं. कामगाराचं घर ऐसपैस हवं, तीन खोल्या झोपायला आणि साधारण 900 चौरस फूट जागा हवी, असा त्याचा आग्रह. त्यामुळे घरं चांगली झाली, पण गरजेपेक्षा कमी झाली, अशी टीका झाली.

1951 मध्ये कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांवरचा खर्च वाढला आणि अर्थमंत्री गेट्सकेल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं. रक्कम फार मोठी नव्हती. पण आजारी माणसाकडून दारातच पैसे घ्यायला एकदा सुरुवात झाली की ती थांबत नाही, असं बेव्हनचं मत. एप्रिलमध्ये त्यानं मंत्रिपद सोडलं. पक्षात फूट पडली, आणि 1955 मध्ये पक्षाचं नेतृत्व गेट्सकेलनाच मिळालं. एवढ्याशा कारणासाठी एवढं मोठं नुकसान केलं का, यावर इथे अजून वाद होतात. मी एवढंच सांगते, की 2007 पासून वेल्समध्ये औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत. इंग्लंडमधून आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं.

6 जुलै 1960 रोजी पोटाच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा 62 वर्षांचा होता. रक्षा ट्रेडीगरच्या वरच्या डोंगरात विखुरली.

आपण कुठे बसतो

बेव्हननं इमारती एकत्र केल्या, कायदा केला. पण माणसं पुरेना. खोऱ्यांतल्या दवाखान्यांत यायला इथले तरुण डॉक्टर तयार नसत. 1960 आणि 1970 च्या दशकांत त्या जागा मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी भरल्या. आमचे हे त्यांतलेच एक. मुंबईत शिकलेला मुलगा पावसाळी अंधारात उतारावरच्या चाळीसारख्या घरांची दारं ठोठावत फिरायचा. सुरुवातीला यांना वेल्श उच्चार कळत नसत आणि रुग्णांना यांचे. तरी आतून हाक यायची, "या डॉक्टर, चहा टाकलाय."

त्यांच्या रुग्णांत एक म्हातारे खाणकामगार होते. छातीत धूळ, शेजारी ऑक्सिजनची नळकांडी. हे म्हणाले, इथे सगळ्यांना फुकट मिळतं हे फार चांगलं आहे. म्हातारबुवांना राग आला. "फुकट नाही डॉक्टर," ते दम खात म्हणाले. "माझ्या बापानं दर आठवड्याला दिले, मी दिले. तुम्हीही देताय."

साताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. सासूबाईंना मी पत्रातून कळवलं. त्यांचं उलट पत्र आलं: "मग ठीक आहे. वर्गणी असेल तर ठीक आहे."

आज हे सगळं आठवायचं कारण आहे. आपल्या घरांत आता दुसरी पिढी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट म्हणून त्याच व्यवस्थेत राबते आहे आणि थकलेली दिसते. आपल्यातलेच काही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन-दोन वर्षं थांबतात, काही पुण्याला जाऊन करून येतात, काही खासगी विमा घेतात. त्यांना दोष देववत नाही. दुखणाऱ्या गुडघ्याला तत्त्व सांगून चालत नाही. भारतातून नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्या तरुणाला वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो, आणि वर पगारातून करही. तरीही 'बाहेरचे येऊन फुकट घेतात' हे त्याला ऐकावं लागतं. बेव्हनच्या काळातही ही ओरड होतीच. परक्यांना वगळायचं तर आपल्याच लोकांनाही दवाखान्याच्या दारात ओळखपत्र दाखवावं लागेल, असं त्यानं तेव्हा लिहून ठेवलं आहे.

तेव्हा मुलांना एवढं नक्की सांगू या: आपण इथे कुणाचं फुकट खाल्लेलं नाही. आपण वर्गणीदार आहोत, आणि आपल्यातल्या अनेकांनी तर मंडपही उभारला आहे. पण वर्गणीदाराचं आणखी एक काम असतं. मंडळ नीट चालतं आहे का, हे विचारायचं. सभेला जायचं. मत द्यायचं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नातीला घेऊन ट्रेडीगरला गेलो होतो. चौकात लोखंडी घड्याळाचा उंच मनोरा आहे. गावाबाहेर डोंगरावर, जिथे बेव्हन उघड्यावर सभा घेई, तिथे चार मोठे दगड उभे केले आहेत. एक त्याचा, आणि तीन त्याच्या मतदारसंघातल्या गावांचे: ट्रेडीगर, एबू व्हेल आणि रिम्नी. वारा असा होता की नातीची टोपी उडाली. ती विचारत होती, त्याचा दगड मोठा का. आजोबांनी तिला उचलून धरलं आणि खालची तिन्ही गावं दाखवली.

तिथे एका दिवसाची सहल सहज होते. पुढच्या मे महिन्यात मंडळानं ती काढावी, अशी समितीला विनंती आहे. डबे आपण सगळे मिळून करू.